बसतंय की!

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूममधल्या पोरानं मागचं दार वर उचलून दाखवलं आणि म्हणाला, "सर, डिकी अडीचशे लिटर!"

मी दचकलो. लिटरवर आमच्याकडं दूध मोजतात, पेट्रोल मोजतात, फार तर गोडेतेल. डिकीत पाणी भरून बघितलं होतं की काय यांनी? बायकोनं मात्र हिशेब लगेच घातला. "म्हणजे वीस-बावीस कळश्या," ती म्हणाली, आणि डिकीत डोकं घालून त्या कळश्या नजरेनंच रचून आली. मी उगाच पुरुषी रुबाबात बंपरवर थाप मारली. "बसतंय की!"

हे दोन शब्द मला केवढ्याला पडणार होते, ते गाडीच्या कोटेशनमध्ये कुठं लिहिलेलं नव्हतं.

डिकी मोजायची एक जर्मन पद्धत आहे, ती मला पुढं कळली. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असे ठोकळे आत रचत जायचे. एक ठोकळा म्हणजे एक लिटर. मावतील तितके ठोकळे, तितके लिटर. पद्धत चोख आहे. अडचण एवढीच, की आमच्या नातेवाइकांपैकी कुणीही आजवर ठोकळा न्यायला सांगितलेला नाही. त्यांच्याकडं जे असतं ते परातीसारखं पसरट, खराट्यासारखं फिसकारलेलं, नाहीतर एका टोकाला भोपळा आणि दुसऱ्या टोकाला काठी.

बरं, गाडी मुळात आखूड. २००६ सालच्या बजेटात सरकारनं लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, आणि लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोलची असेल तर १२०० सीसीपर्यंतची, डिझेलची असेल तर १५०० पर्यंतची, असं ठरवून टाकलं. झालं! गाड्या चार मीटरला चार बोटं कमी अशा निघायला लागल्या. पुढनं कापावं तर इंजिन, मधनं कापावं तर माणसं. कात्री लागली ती डिकीला. त्यात आमचं मॉडेल खालचं. वरच्या मॉडेलला मागची सीट साठ-चाळीस अशी दुभंगते. चाळीसवर सामान, साठवर माणसं. आम्ही तेवढे पैसे वाचवले. आमची सीट एकत्र कुटुंबातली आहे. झोपली की सगळी झोपते.

पहिल्याच महिन्यात मेहुण्याचा फोन आला. मार्केट यार्डातनं हळकुंडांची दोन पोती आणायची होती. "टेंपो कशाला सांगू? दाजी, तुमची गाडी आहे की." आहे की. बसली पण पोती. उतरवताना एकाची शिवण उसवली, एवढंच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, माझ्या गाडीच्या सीटकव्हरला त्याआधी वर्षभर मिळालं होतं. मी ऑफिसला गेलो की पँटीची मागची बाजू बघून लोक विचारायचे, "घरात कार्य आहे काय?"

मग भाचीचा तंबोरा. मिरज आमच्यापासनं दहा किलोमीटर, आणि तिथल्या सतारमेकर गल्लीतनं तंबोरा आणायचा म्हणजे गायन शिकणाऱ्या पोरीच्या दृष्टीनं वरातच. कारागिरांनी गाडी बघितली, तंबोरा बघितला आणि सौम्यपणे म्हणाले, "तारा उतरवून देऊ का?" भाची म्हणाली, नको, नुकतीच जवारी लावून तारांचा झणकार जमवलाय. मी म्हणालो... काय म्हणालो ते तुम्हाला ठाऊक आहे.

भोपळा डिकीत, मागची सीट झोपलेली, आणि दांडी पुढच्या दोन सीटांच्या मधनं थेट माझ्या कोपरापर्यंत. खुंट्या बरगडीत. गाडी निघाली तेव्हा लक्षात आलं, की तिसरा गिअर टाकला की माझं कोपर खर्जाच्या तारेला लागतंय. तिसऱ्यातनं चौथ्यात जाताना जोडीची तार. मिरज ते सांगली या दहा किलोमीटरमध्ये मी जेवढा षड्ज लावला तेवढा भाचीनं पहिल्या वर्षात लावला नसेल. मधे म्हैस आडवी आली, मी दुसऱ्यात आलो, तर पाठीमागनं भाची कळवळून म्हणाली, "मामा, पंचमाला हात लावू नका, ती उतरलीय." ती स्वतः कुठं बसली होती म्हणाल, तर डिकीत. भोपळ्याला मांडी देऊन.

या सगळ्यानं माणूस शहाणा व्हायला हवा. मी गर्विष्ठ झालो. गाडी भरणं ही विद्या आहे आणि ती आपल्याला सिद्ध झालीय असं मला वाटायला लागलं. जड खाली, मऊ फटीत, चाकांच्या कमानींच्या मागं जे दोन कोनाडे राहतात तिथं चपला आणि बरण्या. कॉलनीत कुणाचं बिऱ्हाड हलायचं असलं की सकाळीच बोलावणं यायचं, "जरा बघून जावा की, बसतंय काय." मी कमरेवर हात ठेवून, एक डोळा मिटून सामान बघायचो. डॉक्टर एक्स-रे बघतात तसा.

२०१९ च्या ऑगस्टात मात्र ही विद्या खऱ्या कामाला आली. त्या दिवसांत सांगलीत माणसं एकमेकांना नमस्कार करत नव्हती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, एवढंच विचारत होती. ४५ फुटाला धोक्याची पातळी. त्या साली कृष्णामाई ५७ च्या वर गेली. पाणी अजून गल्लीच्या तोंडाशी होतं तेव्हा गावभागातल्या एका ओळखीच्या आज्जींना विश्रामबागेत आणायला गेलो. कागदपत्रं, औषधं, कपडे असं घ्या म्हणून फोनवर सांगितलं होतं. जाऊन बघतो तर दारात पाटा-वरवंटा.

"आज्जी, पाटा कशाला? पाटा काय वाहून जातोय?"

"वाहत न्हाई रे. पण गाळ बसतोय की त्याच्यावर."

याला उत्तर नाही. पाटा उचलून डिकीच्या उंबऱ्यावरनं आत घेताना कमरेत जी चमक भरली, ती पूर ओसरला तरी ओसरली नाही. आज्जी पुढच्या सीटवर, मांडीत देव, देवांवर पदर. मागं शेजारच्या घरातली दोन पोरं, एक शिलाई मशीन, गव्हाचा अर्धा डबा आणि एक मांजर, जिला कुणी बोलावलं नव्हतं. गाडीचं मागचं अंग इतकं खाली बसलं होतं, की हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. त्या दिवशी चार खेपा झाल्या. त्या दिवशी "बसतंय की" मी एकदाही म्हणालो नाही. लोकच म्हणत होते, आणि विचारल्यासारखं म्हणत होते. मांजर अजून आमच्याकडंच आहे.

आता मुख्य प्रकरण. २०२३ साली लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. हॉस्टेलचं सामान "थोडंसंच" होतं. हा शब्द बायकोचा. थोडंसंच म्हणजे गादी, दोन उश्या, बादली, मग, टेबल फॅन, घडीचं टेबल, पुस्तकांची चार खोकी, इस्त्री, लोणच्याच्या तीन बरण्या, बेदाण्याची पिशवी, भडंगाची दोन पोती म्हणावीत अशी पाकिटं (एक लेकीला आणि एक तिच्या अजून न भेटलेल्या मैत्रिणींना) आणि कपडे वाळत घालायचं एक स्टँड. स्टँडच्या खोक्यावर "सहज घडी होते" असं छापलं होतं. होते. घडी झाल्यावर ते उघड्या स्टँडपेक्षा जास्त जागा खातं.

आदल्या रात्री अकरापर्यंत मी भरत होतो. सकाळी पुन्हा सगळं काढून भरलं, कारण रात्री इस्त्री राहिली होती. सहा वाजता डिकी दोन थापांत आणि एका ढकलीत बंद झाली. मी घाम पुसून वळलो तर बायको इरकली नेसून, पर्स घेऊन उभी.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मागची सीट झोपलेली, तिच्यावर छतापर्यंत सामान, पुढं लेक, लेकीच्या मांडीत टेबल फॅन. मी एक डोळा मिटून बायकोकडं बघितलं. सवयीनं बघितलं, मनात काही नव्हतं.

"माझ्याकडं तसं बघू नका," ती म्हणाली. "मी काय गादी न्हाई फटीत घालायला." आणि रिक्षा करून एसटी स्टँडला गेली. त्याच मार्चपासनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळं ती रागावली आहे का खुशीत आहे तेही कळेना.

आष्टा गेलं, पेठ नाक्यावर हायवेला लागलो, कऱ्हाड गेलं. आतल्या आरशात उशी दिसत होती. तासवडेचा टोलनाका ओलांडून थोडं पुढं आलो आणि गाडी डावीकडं ओढायला लागली. उतरलो. मागचं चाक पंक्चर.

हॅचबॅक घेणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते. कार्पेटच्या खाली. आणि कार्पेटच्या वर तुमचा संसार असतो.

सगळं उतरवलं. हायवेच्या कडेला आधी गादी अंथरली, कारण बाकीचं मातीत ठेवून चालणार नव्हतं. गादीवर उश्या, बादलीत बरण्या, टेबल उघडून त्यावर भडंगाची पाकिटं आणि बेदाणे, शेजारी टेबल फॅन. मी जॅक लावतोय तोवर एक मोटरसायकल थांबली.

"भडंग कसं दिलं?"

मी गाडीखालनं म्हणालो, विकायचं नाही. तो म्हणाला, मग मांडलंय कशाला? त्याला बघून एक जीप थांबली. एका गृहस्थांनी खाली वाकून गादी दाबून बघितली आणि कापसाची का फोमची म्हणून विचारलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी बेदाण्याची चव घेतली आणि "तासगावचं दिसतंय" असा बरोबर निकाल दिला. लेक दूर जाऊन फोनवर बोलत असल्यासारखं करत उभी होती. आपला यांच्याशी संबंध नाही, हे तिनं उभं राहण्याच्या पद्धतीतनंच जाहीर केलं होतं. जाताना त्या बाई शंभराची नोट टेबलावर बरणीखाली ठेवून भडंगाचं एक पाकीट घेऊन गेल्या. माझे हात ग्रीसचे होते, मी काय बोलणार?

चाक बदललं. पंक्चर झालेलं चाक स्टेपनीच्या खळग्यात जाईना, कारण स्टेपनी बारीक अंगाची होती आणि हे अंगानं भरलेलं. म्हणजे आता चाकसुद्धा सामानात. मी पुन्हा भरायला लागलो. जड खाली, मऊ फटीत. एकदा भरलं, दार लागेना. दुसऱ्यांदा भरलं, इस्त्री बाहेर. तिसऱ्यांदा गादी उभी घातली. तेच सामान, तीच गाडी, तोच मी, वर एक पाकीट भडंग कमी, आणि तरीही शेवटी कपडे वाळत घालायचं ते स्टँड माझ्या हातात उरलं. त्याची घडी घातली. उलगडलं. दुसऱ्या बाजूनं घातली. लेक जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे ना. मी कपडे खुर्चीवर वाळत घालीन." तिच्या त्या समजूतदारपणानं मला जास्त लागलं.

तेवढ्यात टोलनाक्याकडनं नुकतीच सुटलेली, अजून वेग न घेतलेली एक लाल एसटी आमच्या शेजारनं पुढं गेली आणि वीसएक पावलांवर थांबली. खिडकीतनं ओळखीची इरकल बाहेर आली. मागनं कंडक्टर उतरला. त्यानं आमच्याकडं बघितलं, गाडीच्या काचेला चिकटलेल्या उशीकडं बघितलं, काही न विचारता माझ्या हातातलं स्टँड घेतलं आणि एका हातानं दारातनं आत सारलं.

"अहो, गर्दी असेल, कुठं ठेवणार तुम्ही?" मी म्हणालो.

"काका, बसतंय की," तो म्हणाला आणि दोरी ओढली. टण, टण.

गाडी हलली तशी बायकोनं खिडकीतनं पुन्हा डोकं बाहेर काढलं.

"अहो, माझ्या शेजारची सीट मोकळीच आहे. फॅन द्यायचाय काय?"