तरुणांचा व्हायरल ताप आणि ‘काही होत नाही’चा निरोप

सगळीकडे फिरणारा निरोप थोडक्यात असा: तरुणांना व्हायरल तापाने काही होत नाही, बरळणं ही तापाची ग्लानी, सीटी स्कॅन नॉर्मल असेल तर निर्धास्त राहा, ताप उतरला की विषय संपला; डोकं दुखलं तर ॲस्पिरिन घ्या.

‘काही होत नाही’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरंच आहे. म्हणूनच बाकीची विधानंही लोकांच्या गळी उतरतात.

बरळण्याचं घ्या. ग्लानी ताप उतरला की ओसरते. पण ताप ९९ वर येऊनही मुलगी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, घरच्यांची नावं चुकत असेल, नसलेला वास येतो म्हणत असेल, तर आधी मेंदूज्वराची शंका घ्यायची, मानसिक ताणाची नंतर. ओठांवर पुरळ आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू मेंदूत शिरला तर बहुधा कानशिलाजवळचा मेंदूचा भाग पोखरतो. स्मरण आणि भाषा तिथलीच. तेव्हा ओठांवर पुरळ असेलच असं नाही. उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात: किशोरांना साधारणपणे किलोमागे १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी शिरेतून, १४ ते २१ दिवस. मूत्रपिंडात औषधाचे खडे धरू नयेत म्हणून प्रत्येक डोस तासभर सावकाश सोडतात. गोळ्यांनी भागत नाही. आणि तापात पहिली फिट पंधराव्या वर्षी आली, तर ती लहान मुलांची ‘तापाची फिट’ नव्हे. ती सहा महिने ते पाच वर्षं या वयातली.

अशा मेंदूज्वरात सीटी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी) तपासणी हवी. पहिल्या तीन दिवसांत पीसीआरही चकवू शकते. शंका कायम असेल तर ३ ते ७ दिवसांत पुन्हा करतात.

ताप गेल्यावर १ ते ४ आठवड्यांनी गियाँ-बारे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार, येऊ शकतो: पायांत मुंग्या, जिना चढताना गुडघे लटपटतात, मग हात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये, श्वासाचे स्नायू थकत आले तरी आकडा बराच वेळ चांगला दिसतो. स्टेरॉइडचाही उपयोग नाही. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) देणं किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलणं, हेच उपचार.

फ्लू किंवा कांजिण्यांत किशोरांना ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. पॅरासिटामॉल द्यावं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही कधी कधी ॲस्पिरिन असतं, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्या.