‘आरएफसीनुसार’ लिहिण्याआधी आरएफसी उघडा तरी!

कोडमध्ये कॉमेंट काय, तर ‘आरएफसीनुसार एरर हाताळली आहे’. अरे, आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे नियम लिहिलेली क्रमांकित कागदपत्रं; त्यातल्या कुठल्या आरएफसीनुसार? नंबर नाही, सेक्शन नाही. आता एका खिडकीत पार्सर (आलेले संदेश वाचणारा आपला कोड), दुसऱ्या खिडकीत बीजीपीची, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रूट कळवतात त्या प्रोटोकॉलची, आरएफसी ४२७१ उघडून ओळ न् ओळ ताडत बसायचं, कारण लिहिणाऱ्याला चार आकडे टाइप करायचा कंटाळा!

आणि ताडून पाहिलं की डोकंच फिरतं. बीजीपी अपडेटमध्ये, म्हणजे रूट कळवणाऱ्या संदेशात, एखादं ॲट्रिब्यूट (रूटसोबतची माहिती) बिघडलेलं आलं की आपला कोड चूक कळवणारं नोटिफिकेशन पाठवून थेट सेशन, म्हणजे शेजारच्या राउटरशी असलेली जोडणी, तोडतो. ४२७१ मध्ये तसंच आहे, मान्य. पण ती २००६ ची! २०१५ मध्ये आरएफसी ७६०६ आली आणि नियम बदलले. ओरिजिन (रूटचा उगम सांगणारं ॲट्रिब्यूट) बिघडलंय? तो रूट मागे घेतला असं समजा, सेशन चालू ठेवा. ॲग्रीगेटर (रूट कुणी एकत्र केले ते सांगणारं) बिघडलंय? तेवढंच टाकून द्या, रूट राहू द्या. एमपी-रीच (आयपीव्ही६ सारखे रूट नेणारं) एकाच अपडेटमध्ये दोनदा आलं? मग तोडा सेशन. एकेका ॲट्रिब्यूटचा नियम स्वच्छ लिहून दिलाय, आणि आपल्याकडे सगळ्यांना मिळून एकच डिफॉल्ट केस! इतक्या वर्षांत कुणालाच ती आरएफसी उघडावीशी वाटली नाही?

सेशन तुटलं की त्या पीअरकडून (शेजारच्या राउटरकडून) आलेले सगळे रूट जातात. तो इंटरनेटचं पूर्ण रूट टेबल देणारा असेल तर लाखो. पुन्हा जोडलं की तेच अपडेट पुन्हा येतं, पुन्हा तुटतं. २७ ऑगस्ट २०१० ला हेच झालं होतं. राइप एनसीसी (युरोपात आयपी पत्ते वाटणारी संस्था) आणि ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगात एक नवं, पूर्ण वैध ॲट्रिब्यूट सोडलं गेलं. काही राउटरांनी ते पुढे पाठवताना बिघडवलं, आणि शेजाऱ्यांनी तेव्हाच्या नियमाप्रमाणे सेशनं तोडली. अर्धा तासही न चाललेल्या प्रयोगानं कुठकुठली नेटवर्क हलली!

हे सांगितलं की उत्तर तयार: ‘टेस्ट पास आहेत ना?’ अहो, टेस्टमध्ये दोन्ही टोकांना आपलाच राउटर! चूक दोन्हीकडे सारखीच, मग पास होणारच. बिघडलेलं अपडेट मुद्दाम बनवून पाठवणारी एक तरी टेस्ट दाखवा. होल्ड टाइम (शेजाऱ्याकडून काहीच आलं नाही तर किती वेळ थांबायचं ते) १ किंवा २ सेकंद आला तर नाकारायचाच, हे ४२७१ मध्ये स्पष्ट लिहिलंय; तोही तपास आपल्या कोडमध्ये नाही.

आणि ग्राहकाला जाणाऱ्या तक्त्यात मात्र ७६०६ पुढे ‘सपोर्टेड’! कुणी तपासलं? कधी? ते ‘सपोर्टेड’ आधी काढा. तोवर तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव घालायचं नाही.