कोलंबसाच्या घरापाशी आम्ही पाचच मिनिटं का थांबतो

नमस्कार सर,

इटलीतल्या जिनोआ शहरातल्या आमच्या मराठी हेरिटेज वॉकला तुम्ही दोन स्टार दिलेत. कोलंबसाचं घर पाच मिनिटांत उरकलं, मत्स्यालय दाखवलंच नाही, एका जुन्या इमारतीसमोर अर्धा तास उभं केलं, बाकी वेळ अंधाऱ्या गल्ल्या, आणि वर गाइड शहराबद्दल वाईटच बोलत होता, असं तुम्ही लिहिलंय. सविस्तर उत्तर द्यायला हवं, म्हणून लिहिते आहे.

पोर्ता सोप्राना वेशीजवळचं कोलंबसाचं घर मूळचं नाही. 1684 मध्ये फ्रेंच आरमाराने शहरावर तोफा डागल्या, त्यात जुनं घर गेलं. आज दिसतं ते अठराव्या शतकात पुन्हा उभारलेलं. वेस मात्र अस्सल आहे, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या धास्तीने 1155 मध्ये बांधलेल्या तटाची. 1290 मध्ये जिनोआवाल्यांनी पिसाचं बंदर मोडलं, बंदराच्या तोंडावरची लोखंडी साखळी तोडली आणि तिचे तुकडे आणून आपल्या वेशींवर टांगले. ते पिसाला परत मिळाले 1860 मध्ये. पराभूत शहराची साखळी पावणेसहाशे वर्षं दारावर मिरवणाऱ्या गावाचा स्वभाव तिथे कळतो, म्हणून आमचा वेळ वेशीला जातो.

आता ती ‘जुनी इमारत’. पालात्झो सान जॉर्जो, 1260 ची. समोरून उड्डाणपूल गेल्यामुळे पहिल्या नजरेत भरत नाही, हे मान्य. पण 1298 मध्ये व्हेनिसचं आरमार हरलं, त्या सुमारास मार्को पोलो जिनोआच्या हाती लागला आणि इथल्या कैदेत त्याने आपला प्रवास रुस्तिकेल्लो नावाच्या पिसाच्या माणसाला सांगितला. ती कैद याच इमारतीत झाली, असं परंपरा मानते. तुम्ही ठाण्याहून आलात ना? त्या वर्णनात ठाण्याचं राज्य आहे. तिथलं कातडं, सुती कापड, आणि चाच्यांशी साटंलोटं करून लुटीतले घोडे स्वतःकडे ठेवणारा राजा, हे सगळं आहे. आपल्या कोकण किनाऱ्याची ही हकीकत जिनोआच्या तुरुंगात कागदावर उतरली. ठाण्याच्या माणसाला हे सांगायला अर्धा तास मला कमीच वाटतो. शिवाय 1407 मध्ये स्थापन झालेली याच नावाची बँक इथे होती. तिचा दबदबा असा, की 1453 मध्ये अख्खं कॉर्सिका बेट तिच्या कारभारात गेलं.

गल्ल्यांचं म्हणाल तर, मागे डोंगर नि पुढे समुद्र, मध्ये जागा चिंचोळी. घरं वर चढत गेली आणि ऊन खाली पोचेनासं झालं. या शहराच्या दडलेल्या गोष्टी तिथेच आहेत. व्हिया देल काम्पोजवळचा तो शिलालेख आठवतो? जूलिओ चेझारे वाकेरो याने प्रजासत्ताक उलथवायचा कट केला. 1628 मध्ये त्याचं डोकं उडवलं, घर जमीनदोस्त केलं आणि त्या जागी त्याच्या बदनामीचा स्तंभ उभारला. पुढे घरच्यांनी तो झाकायला समोर कारंजं बांधलं. वाट वाकडी करून कारंज्यामागे डोकावलं, तरच तो दिसतो.

गाइड वाईट बोलला म्हणजे गुलामांच्या व्यापाराबद्दल बोलला. काळ्या समुद्रावरच्या काफा बंदरातून जिनोआचे व्यापारी माणसं विकत होते आणि त्यातल्या कितीतरी बायका याच शहरातल्या घरांत राबल्या. व्हिया गारिबाल्दीवरचे वाडे आम्ही कौतुकाने दाखवतो. 2006 पासून ते जागतिक वारशात आहेत. पण वैभव दाखवायचं आणि या बायकांबद्दल गप्प बसायचं, हे आम्हाला जमणार नाही. गाइडला ते सांगायला मीच सांगितलंय.

मत्स्यालय आमच्या वॉकमध्ये नाही, बुकिंगच्या पानावर तसं लिहिलेलं आहे. छान आहे, मुलांना जरूर न्या. तिकीट काढून थेट जाता येतं.

तुमच्या वडिलांचे गुडघे चढावर दुखले, हे वाचून मात्र वाईट वाटलं. तुम्ही अजून आठवडाभर इटलीत आहात असं दिसतं. परत जिनोआवरून जाणार असाल तर कळवा. कास्तेलेत्तोच्या सार्वजनिक लिफ्टने त्यांना वर नेऊ; एक पायरी न चढता सगळी छपरं, बंदर आणि 1543 चं दीपगृह बाकावर बसून दिसतं. त्याचे पैसे घेणार नाही.