स्प्रिंग ऐकायची असते

बाइकच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा घेर, वाढवला की टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, वाढतो, आणि वाढलेला टॉर्क कारखान्यातल्या क्लच स्प्रिंगांना पेलत नाही. सिंहगडामागच्या कच्च्या चढावर थ्रॉटल पिळला की क्लच घसरतो, इंजिन बोंबलतं आणि गाडी तिथंच. क्लचच्या प्लेटा नव्या घातल्या. ऑइल बाइकचंच, क्लच घसरू न देणारं, एमए२ मार्काचं. उरल्या स्प्रिंगा, म्हणून शनिवारी पुण्यातली नाना पेठ, सुट्या भागांचं दुकान.

दुकानदारानं काउंटरवर तीन पुड्या टाकल्या. "साधी, हार्ड, एक्स्ट्रा हार्ड."

"हार्ड म्हणजे किती हार्ड?"

"हार्ड म्हणजे हार्ड."

पुडीवर ना तारेची जाडी, ना लांबी. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती तेसुद्धा छापतात हो! आणि इथं तर कडकपणाच्या हिशेबात तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. वेटोळी तीच, घेर तोच, फक्त तार १० टक्के जाड केली, तरी स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. ते सगळं ओझं शेवटी माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर येणार. दगडांतून गाडी काढताना अर्धा क्लच दाबून तास-तास मला काढायचा असतो, 'हार्ड म्हणजे हार्ड' म्हणणाऱ्याला नाही.

मी खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढला. शेजारी स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग घ्यायला आलेले काका होते. ते हसले.

"मोजताय काय? स्प्रिंग ऐकायची असते."

आणि माझ्या हार्डच्या पुडीतल्या चारही स्प्रिंगा त्यांनी एकेक करून काउंटरच्या काचेवर टाकल्या. डोळे मिटून. "टण्ण. टण्ण. टण्ण. टिण्ण. ही चौथी काढा. हिच्यात दम नाही."

"काका, एकाच पुडीतल्या आहेत."

"मग पुडीतच घोळ आहे. आमच्याकडे यामाहाची आरएक्स १०० होती, मिस्त्री असाच ऐकायचा."

आरएक्स १०० बंद होऊन १९९६ पासून किती पावसाळे गेले, पण पुण्यातल्या कुठल्याही काउंटरवर ती अजून चालूच आहे. असो. मी चौथी मोजली. बाकीच्या तिघींपेक्षा पाऊण मिलिमीटर आखूड! एक स्प्रिंग आखूड असली की क्लचच्या प्लेटा आवळणारी प्रेशर प्लेट तिरकी दाबली जाते, क्लच थरथरतो. व्हर्नियरचा आकडा मी दुकानदारासमोर धरला.

"तेवढ्यानं काय होतंय साहेब? फोडलेली पुडी परत घेत नाही."

"अरे, टिण्ण वाजतेय," काका म्हणाले.

"हो का? थांबा काका, दुसरा सेट देतो."

मी गिऱ्हाईक, पैसे माझे, मोजमाप माझं. आणि बदलून मिळाला तो टिण्णवर! नवा सेट काकांनीच वाजवून घेतला. मी मोजायला लागलो तर दुकानदार म्हणाला, "काकांनी बघितलाय ना!" वर हार्डचे पैसे जास्तच लावले. कशाबद्दल, ते पुडीवर लिहिलेलं नव्हतंच.

बाहेर गाडीला किक मारतोय तोच काका मागे येऊन बसले. "स्वारगेटला सोडा. स्कूटर तिकडं गॅरेजला आहे."

नव्या स्प्रिंगा माझ्या खिशात, जुन्या क्लचमध्ये. सिग्नल सुटला. इंजिन बोंबललं, गाडी जेमतेम सरकली.

"ओढत नाही हो तुमची गाडी," काका कानाशी म्हणाले. "पिस्टन गेलाय. मला ऐकू येतंय."