वॉर्डातला टीबी, घरातली चूल

टीबी वॉर्डातली कंत्राटी परिचारिका टीबीनेच आडवी होते आणि पहिली कुऱ्हाड पडते पगारावर! औषधं फुकट मिळतात हो, पण घरभाडं? पोषणासाठी सरकारच्या निक्षय योजनेतून मिळणारे महिना 1,000 रुपये अंडी-डाळीतच संपतात. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आजारपणात पगाराच्या 70 टक्के देतं, वर्षात 91 दिवस. साधा कोर्सच सहा महिन्यांचा. पुढच्या 80 टक्क्यांच्या वाढीव लाभाला सलग दोन वर्षांची नोकरी हवी, आणि करार अकरा महिन्यांचे! पगार 21,000 च्या वर, तर ईएसआयच नाही. मग उरते मालकाकडून भरपाई. भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवेतला संसर्ग व्यावसायिक आजार आहे. तो कामामुळे झाला नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. प्रत्यक्षात थुंकीच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन खेटे घालते तीच, मास्कआड खोकत.