मुंडगोडचे तिबेटी: जमीन, आधार आणि मतदान

खानापूर-हल्याळ भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर मजकूर फिरतोय: ‘मुंडगोडच्या तिबेटींना सरकारने जमीन मालकीने दिली, आधार मिळालं म्हणजे ते नागरिक झाले, मतदानही करतात.’

जमिनीचं चूक आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडची ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1966 पासूनची आहे, भाडेपट्ट्याच्या सरकारी जमिनीवर. ती कुटुंबांना विकता येत नाही.

आधार रहिवाशाला मिळतं, नागरिकत्वाचा तो पुरावा नव्हे. तिबेटींचा मुख्य कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आरसी. त्याची मुदत वाढवत राहावी लागते.

मतदानाचं मात्र सरसकट खोटं नाही. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते, आई-वडील कुठलेही असोत; नागरिक म्हणून तिला मतदानही करता येतं. नंतर जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक आहे. घोडं अडतं जन्मदाखल्यावर. घरी जन्म, नोंद नाही; वर्षानंतर नोंदवायचं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शेजारी खरी मदत इथेच करू शकतात: कन्नड अर्ज भरून द्या, आरसी आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख, नावाची अक्षरं आधीच जुळवून पाहा.

हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटींना खोली देताना घाबरू नका. आरसीची मुदत बघा, छायाप्रत ठेवा, पोलीस ठाण्यात कळवा.