शोनेन, शोजो हे कथाप्रकार नाहीत

समाजमाध्यमांवर ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, शब्दांचा एक तक्ता सारखा फिरत असतो. रंग बदलतात, चित्रं बदलतात, मजकूर मात्र तोच: "शोनेन म्हणजे मारामारी आणि साहस. शोजो म्हणजे प्रेमकथा. सेइनेन म्हणजे रक्तपात आणि गंभीर विषय. जोसेई म्हणजे मोठ्या बायकांच्या प्रेमकथा." खाली आणखी दोन ओळी असतात: "शोनेन १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी असतं, घरातल्या मुलांना निर्धास्त दाखवा. प्रत्येक ॲनिमे या चारपैकी एका प्रकारात बसतंच."

नवीन माणसाला हा तक्ता सोयीचा वाटतो, म्हणून तो पुढे पाठवला जातो. पण त्यातली एकही ओळ जशीच्या तशी टिकत नाही. आणि नुकसान निव्वळ व्याख्येचं नाही. या तक्त्याच्या भरवशावर लोक फार मोलाच्या गोष्टी न वाचताच बाजूला सारतात, आणि लहान मुलांसमोर त्यांच्या वयाला न झेपणारं काहीतरी लावून देतात.

"हे चार कथाप्रकार आहेत"

नाहीत. ही वाचकवर्गाची नावं आहेत: मुलगे, मुली, तरुण आणि प्रौढ पुरुष, तरुण आणि प्रौढ स्त्रिया. गोष्टीत काय आहे हे ती सांगत नाहीत. गोष्ट कुठल्या नियतकालिकात छापून आली, एवढंच सांगतात.

जपानमध्ये मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, बहुधा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येतो आणि मग त्याचे खंड निघतात. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं 'शोनेन मॅगझिन' आणि शोगाकुकानचं 'शोनेन संडे' ही साप्ताहिकं १७ मार्च १९५९ रोजी, एकाच दिवशी निघाली. शुएशाचं 'शोनेन जंप' १९६८ चं. मुलींसाठी 'नाकायोशी' आणि 'रिबोन' ही मासिकं १९५० च्या दशकाच्या मध्यापासून होती, 'मार्गारेट' १९६३ मध्ये आलं. ही वाचणारी पिढी मोठी झाली तरी तिने मांगा सोडला नाही. तेव्हा प्रकाशकांनी मोठ्या पुरुषांसाठी 'बिग कॉमिक', 'यंग जंप', 'मॉर्निंग' काढली आणि मोठ्या स्त्रियांसाठी 'बी लव्ह', 'कीस' यांसारखी नियतकालिकं काढली. चारही शब्द या मांडणीतून आले.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. किर्लोस्कर छापखान्यातून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' अशी तीन मासिकं निघायची, तिन्हींचा वाचक वेगळा धरलेला असायचा. पण 'स्त्री' मासिकात कथा छापून आली म्हणून तिला कोणी 'स्त्री प्रकारची कथा' म्हटलं नाही. ती विनोदी, ग्रामीण, सामाजिक, काहीही असू शकत होती.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा 'विनलंड सागा' देते. माकोतो युकिमुराने ही व्हायकिंगांची गोष्ट २००५ मध्ये साप्ताहिक 'शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू केली. आठवड्याचा वेग झेपेना, म्हणून त्याच वर्षी ती 'आफ्टरनून' या मासिकात गेली. 'आफ्टरनून' सेइनेन आहे. नायक तोच, सूड तोच, समुद्र तोच. तक्ता खरा मानला तर या गोष्टीचा कथाप्रकार मधल्या काळात बदलला असं म्हणावं लागेल.

मग वर्गाचा मजकुराशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नाकारण्याचं कारण नाही. शोनेन आणि शोजो अंकांत चित्रलिपीतल्या अक्षरांच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, कारण वाचक शाळकरी असू शकतो. सेइनेन अंकांत तो बऱ्याचदा नसतो. संपादकाच्या डोळ्यांसमोर एक वाचक असतो. 'शोनेन जंप'मध्ये वाचकांच्या मतपत्रिकांवरून मालिकेचं आयुष्य ठरतं. या सगळ्याचा गोष्टीवर दाब येतोच. पण दाब येणं वेगळं आणि कथाप्रकार ठरणं वेगळं.

"शोनेन म्हणजे मारामारी"

हा समज कुठून आला ते उघड आहे. जपानबाहेर सर्वाधिक पोचलेल्या मालिका 'ड्रॅगन बॉल', 'नारुतो', 'वन पीस', आणि तिन्ही 'जंप'च्या. मैत्री, कष्ट, विजय हे त्या साप्ताहिकाचं ब्रीद. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांवर प्रती निघत होत्या, म्हणून त्याचा साचा म्हणजेच शोनेन असं जगाला वाटलं.

पण त्याच 'जंप'मध्ये १९७६ ते २०१६ अशी सलग ४० वर्षं 'कोचिकामे' चालली. तोक्योतल्या एका पोलीसचौकीतल्या आळशी, पैशाच्या मागे लागलेल्या हवालदाराची ती विनोदी मालिका होती. तिथेच 'हिकारु नो गो' आली. त्यात दोन मुलं पटावर काळ्यापांढऱ्या सोंगट्या ठेवतात, आणि ती वाचून जपानमधली शाळकरी मुलं गो खेळायला शिकली. 'डेथ नोट'ही तिथलीच. तिचा नायक क्वचितच हात उगारतो. तो नावं लिहितो आणि माणसं मरतात. 'शोनेन संडे'मध्ये मित्सुरु आदाचीची 'टच' १९८१ ते १९८६ चालली. तिच्यात बेसबॉल आहे, पण वाचक जीव मुठीत धरून वाचत होते ते दोन भाऊ आणि शेजारची मुलगी यांच्यासाठी.

मला यात सगळ्यात जवळची वाटते हिरोमु आराकावाची 'सिल्व्हर स्पून'. आराकावाचं नाव 'फुलमेटल अल्केमिस्ट'मुळे झालं. ती होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी घरातली. 'सिल्व्हर स्पून' २०११ पासून 'शोनेन संडे'मध्ये आली. शहरातला एक मुलगा कृषी शाळेत जातो आणि तिथे एका अशक्त डुकराच्या पिल्लाला जीव लावतो. पिल्लाचं नावच तो एका पोर्कच्या पदार्थावरून ठेवतो, कारण पुढे त्याचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कत्तलीनंतर तो स्वतः ते मांस विकत घेतो. अन्न कुठून येतं, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या मुलाचं शिक्षण कसं थांबतं, हे सगळं एका शोनेन साप्ताहिकात मुलांनी वाचलं. महाराष्ट्रात ही मालिका खूप वाचली जावी असं मला मनापासून वाटतं. तक्ता मात्र तिला मारामारीच्या रांगेत बसवतो.

आराकावा स्त्री आहे, 'इनुयाशा' आणि 'रानमा' काढणारी रुमिको ताकाहाशीही. शोनेन पुरुषच काढतात असं गृहीत धरणाऱ्यांसाठी ही दोन नावं पुरेशी आहेत.

"शोजो म्हणजे प्रेमकथा"

या ओळीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. 'शोजो आहे' म्हटलं की मुलगे हात लावत नाहीत, आणि कित्येक मुलीही आपल्याला 'तसलं' आवडत नाही असं सांगत सुटतात. ज्या परंपरेला ही मंडळी नाकारतात, ती मांगातली सर्वांत धाडसी परंपरांपैकी एक आहे.

ओसामु तेझुकाची 'रिबन नो किशी' १९५३ मध्ये 'शोजो क्लब'मध्ये सुरू झाली. तिची नायिका राजपुत्र म्हणून वाढवलेली, तलवार चालवणारी राजकन्या आहे. १९७० च्या दशकात मात्र सूत्रं स्त्रियांच्या हाती आली. जपानी कालगणनेतल्या शोवा २४ म्हणजे १९४९ च्या आसपास जन्मलेल्या या चित्रकर्तींना '२४ सालचा गट' म्हणतात. त्यातल्या मोतो हागिओने १९७५ मध्ये मुलींच्या मासिकात 'दे वेअर इलेव्हन' दिली. अवकाशयानात परीक्षेसाठी दहा उमेदवार असायला हवेत, मोजले तर अकरा निघतात. अकरावा कोण? ही सरळसरळ विज्ञानकथा आहे, आणि माणूस स्त्री की पुरुष हे जन्मताच न ठरणारं एक पात्रही तिच्यात आहे.

रियोको इकेदाची 'रोज ऑफ व्हर्साय' १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट'मध्ये आली. मारी आंत्वानेतचा दरबार, उपाशी पॅरिस, आणि राजाच्या सेनेत वाढून शेवटी जनतेच्या बाजूने उभी राहणारी ओस्कार. शाळकरी मुलींनी फ्रेंच राज्यक्रांती अशी वाचली. त्यात प्रेम आहे, पुष्कळ आहे. पण त्यावरून तिला 'प्रेमकथा' म्हणून निकालात काढणं अन्यायाचं आहे.

अकिमी योशिदाची 'बनाना फिश' (१९८५-९४) न्यूयॉर्कच्या टोळ्यांची, व्हिएतनाम युद्धातून आलेल्या एका अमली औषधाची, लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची गोष्ट आहे. ती आली 'बेस्सात्सु शोजो कॉमिक'मध्ये. त्याच मासिकात युमी तामुराची 'बासारा' १९९० मध्ये सुरू झाली. ती उद्ध्वस्त, वाळवंट झालेल्या भविष्यातल्या जपानची आहे. तिच्यात मेलेल्या भावाचं नाव घेऊन एक मुलगी बंड उभारते. आणि 'सेलर मून'? 'नाकायोशी'तल्या त्या पाच मुली जगासाठी लढतात आणि जीवही देतात. मारामारीची मोजदाद करायची तर ती 'टच'पेक्षा कितीतरी जास्त शोनेन ठरेल.

शोजोने मांगाला फक्त विषय दिले नाहीत, पानही दिलं. चौकट मोडून आकृती अख्ख्या पानभर उभी करायची, मनातलं बोलणं फुग्याबाहेर मोकळं सोडायचं, एका क्षणावर अनेक चित्रं एकमेकांवर चढवायची, या रीती शोजोच्या पानांवर फुलल्या. आज मुलांच्या साप्ताहिकातही नायक एकटा आठवणींत बुडतो तेव्हा पान जसं मोकळं होतं, त्यात या बायकांचं काम आहे.

"सेइनेन म्हणजे रक्तपात"

'यंग ॲनिमल' हे सेइनेन नियतकालिक. केंतारो मिउराची 'बर्सर्क' त्यात येते, आणि रक्तपात म्हणाल तर तिच्यात तो भरपूर आहे. त्याच नियतकालिकात २००७ पासून चिका उमिनोची 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' येते. तिच्यात शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळणारा एक एकाकी मुलगा आहे, आणि त्याला जेवू घालणाऱ्या तीन बहिणी. दोन्हींचं घर एकच. 'के-ऑन!' ही शाळेतल्या वाद्यवृंदाच्या मुलींची, चहा आणि केकने भरलेली चार चौकटींची मालिकाही सेइनेनच्याच कप्प्यात मोडते. 'कागुया-सामा', म्हणजे प्रेमाची कबुली आधी कोणी द्यायची यावरून चाललेलं विनोदी युद्ध, बहुतेक सगळं 'यंग जंप'मध्ये आलं.

आणि आपल्या घराघरांत पोचलेला शिनचॅन? योशितो उसुईने तो १९९० मध्ये 'मांगा ॲक्शन' या मोठ्या पुरुषांच्या साप्ताहिकात सुरू केला. पाच वर्षांच्या मुलाची ही गोष्ट मुळात आईबापांच्या वयाच्या वाचकांसाठी होती. हे ठाऊक असलं की भारतात २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून ती मालिका काही काळ का बंद पडली, याचाही उलगडा होतो.

"जोसेई म्हणजे मोठ्या बायकांच्या प्रेमकथा"

'चिहायाफुरु' २००७ ते २०२२ 'बी लव्ह'मध्ये आली. शंभर जुन्या कवितांच्या पत्त्यांवर खेळला जाणारा कारुता, शाळेचा संघ, सराव, हरणं, पुन्हा उभं राहणं. ही खेळाची गोष्ट आहे. २०११ चा कोदान्शा मांगा पुरस्कार तिला शोजो विभागात मिळाला, कारण त्या पुरस्कारात जोसेईचा वेगळा विभागच नव्हता. तक्त्यातल्या भिंती जपानमध्येही तितक्या पक्क्या नाहीत.

"शोनेन मुलांना निर्धास्त दाखवा"

कृपा करून असं करू नका. शोनेन हा विक्रीचा कप्पा आहे, वयाचा दाखला नाही. 'अटॅक ऑन टायटन' २००९ ते २०२१ 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन'मध्ये आली. तिच्यात माणसं जिवंत खाल्ली जातात. तिचं ॲनिमे जपानमध्ये २०१३ साली रात्री उशिरा दाखवलं गेलं, 'डेथ नोट'चंही तसंच. 'डीमन स्लेअर' ही 'जंप'ची मालिका, पण २०२० च्या 'मुगेन ट्रेन' चित्रपटाला जपानमध्ये पीजी-१२ प्रमाणपत्र होतं, म्हणजे बाराच्या आतल्या मुलांनी तो पालकांच्या सल्ल्याने पाहावा असं. वयासाठी प्रमाणपत्र बघा, आणि पहिले दोन-तीन भाग आधी स्वतः बघा.

"प्रत्येक ॲनिमे या चारपैकी एकात बसतं"

डोरेमॉन कुठे बसवणार? तो १९६९ च्या अखेरीस शोगाकुकानच्या इयत्तावार मासिकांत जन्मला. लहान मुलांच्या या वर्गाला कोदोमो म्हणतात आणि तक्त्यात त्याची रांगच नाही. 'काउबॉय बिबॉप' किंवा 'मादोका माजिका' थेट दूरचित्रवाणीसाठी रचलेल्या. त्यांच्यामागे कुठलंही मांगा नियतकालिक नव्हतं. ॲनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकीची 'नाउसिका' चित्रकथा 'ॲनिमेज' या ॲनिमेविषयीच्या मासिकात आली. २०१४ पासून 'शोनेन जंप प्लस' फोनवर वाचलं जातं, तिथे दुकानातला कप्पाच उरलेला नाही.

तक्ता करायचाच असेल तर दोन रकाने करा. एकात गोष्ट कुठे छापून आली ते लिहा. दुसऱ्यात आत काय आहे ते लिहा, आणि त्यासाठी जपानी वाचक वापरतात तेच शब्द घ्या: बॅटल, स्पोर्ट्स, लव्ह-कॉमेडी, महाकाय यंत्रमानवांची मेका, जादूगार मुली, दुसऱ्या जगात जाण्याची इसेकाई, रोजच्या जगण्याची निचिजो. मग 'चिहायाफुरु'समोर जोसेई आणि स्पोर्ट्स येईल, 'बासारा'समोर शोजो आणि भविष्यातलं युद्ध, 'के-ऑन!'समोर सेइनेन आणि निचिजो. 'मादोका'समोर पहिला रकाना रिकामा ठेवा.